जुनी दुनळी मोडायला जड जाते? जोर लावण्याआधी ती कुठे अडते ते शोधा

माझ्या हाताखालून गेलेली पहिली जुनी दुनळी मामांची होती. बाहेरचे घोडे (चाप ओढला की ठोका देणारे हातोडे), १२ बोअर, हात लागून लागून काळपट झालेलं लाकूड. उजवी नळी झाडली की बंदूक अलगद मोडायची, म्हणजे काडतूस काढण्या-घालण्यासाठी बिजागरीवर उघडायची. डावी झाडली की नळ्या सोडवणारा वरचा लिव्हर पूर्ण बाजूला जायचा, पण नळ्या जागच्या हलायच्या नाहीत. मामांचा उपाय ठरलेला होता : "गुडघ्यावर घे आणि दे एक हिसका." दोन वर्षं मीही तेच करत राहिलो. मग एकदा झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उन्हात धरून तिचं बूड निरखून पाहिलं आणि त्या दिवसापासून हिसका देणं बंद केलं.

पुंगळीच्या बुडाच्या मधोमध ठोक्याने पेट घेणारी जी कॅप असते, तिच्यावर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनचा खड्डा गोल असायला हवा. माझ्या हातातल्या पुंगळीवर तो गोल नव्हता. खड्ड्यातून एक ओरखडा निघून कॅपच्या खालच्या कडेपर्यंत गेला होता, स्वल्पविरामाच्या शेपटीसारखा. उजव्या नळीतल्या पुंगळीवर तसं काही नव्हतं. म्हणजे डाव्या बाजूची पिन झाडल्यावर मागे येत नव्हती. ती कॅपमध्येच रुतून राहायची, आणि मी हिसका द्यायचो तेव्हा कॅपचं पितळ खरवडत बाहेर निघायची. नळ्या मोडताना त्यांची मागची तोंडं वर उचलली जातात, पिन मात्र जागेवरच असते. म्हणून ओरखडा खाली जातो. तेवढ्या एका शेपटीने मला सगळं सांगितलं.

हे आधी सांगण्याचं कारण गंभीर आहे. जी पिन मागे येत नाही, ती पुढच्या वेळी बंदूक मिटतानाही नळ्यांच्या मागच्या तोंडांना टेकणाऱ्या भिंतीच्या बाहेर डोकावत असते. अशा बंदुकीत नवीन काडतूस घालून नळ्या वर मिटल्या, तर पिनचं टोक कॅपवर आपटून काडतूस चाप न ओढता उडू शकतं. त्यामुळे "मोडायला जरा जड आहे, बाकी ठीक चालते" असं म्हणून जी बंदूक वापरली जाते, तिच्याबद्दल मला काळजी वाटते. कारण सापडेपर्यंत तिच्यात काडतूस घालू नका.

आता तपासणीकडे. पहिली गोष्ट, आत्ता या क्षणी बंदूक अडकलेली असेल आणि आत न झाडलेलं काडतूस असण्याची जराही शक्यता असेल, तर घरी काहीही करू नका. नळ्यांचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, चापाला हात लावू नका आणि परवानाधारक कारागिराला आधी कळवून, त्याला कल्पना देऊन मगच तिला हात लावा. चाप ओढूनही बार उडाला नसेल तर निदान ३० सेकंद तशीच धरून ठेवा. काही काडतुसं उशिरा उडतात. खालचं सगळं लिहिलंय ते बंदूक उघडून, दोन्ही चेंबर (नळ्यांमधल्या काडतुसाच्या जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री केल्यानंतरचं आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, टेबलावर नाही.

लिव्हर अडतो की नळ्या?

लोक दोन्हीला "मोडत नाही" म्हणतात, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत. वरचा लिव्हर बाजूला करताना अंगठ्याला जोर पडतो का? की लिव्हर सहज जातो आणि नंतर नळ्या खाली पडत नाहीत? हा एक प्रश्न नीट सोडवला की निम्मं काम होतं.

बहुतेक जुन्या दुनळ्यांमध्ये नळ्यांच्या खाली एक किंवा दोन लग, म्हणजे लोखंडी ठोकळे असतात. त्यांना मागच्या बाजूने खाचा असतात आणि ॲक्शनच्या (नळ्या आणि दस्ता यांच्या मधल्या लोखंडी सांगाड्याच्या) तळातून एक सपाट बोल्ट पुढे सरकून त्या खाचांत बसतो. बंदुका बनवणाऱ्या जेम्स पर्डीने १८६३ मध्ये हा दुहेरी खाचांचा बोल्ट काढला, त्यानंतर १८६५ मध्ये स्कॉटच्या उभ्या दांड्याने तो वरच्या लिव्हरला जोडला गेला, आणि आज ज्याला आपण दुनळीचा नेहमीचा खटका समजतो तो तयार झाला. लिव्हर फिरतो, दांडा फिरतो, दांडा बोल्टला मागे ओढतो. या साखळीत कुठेही तेल वाळून चिकट झालं, गंज धरला किंवा बोल्टच्या कडेला बारीक कंगोरा उठला की लिव्हर जड होतो.

बंदूक उघडी असताना लिव्हर हळूहळू बाजूला करा आणि वरून ॲक्शनच्या तळातल्या फटीत बघा. बोल्ट लिव्हरबरोबर एकसारखा मागे सरकायला हवा. मध्येच थांबून उडी मारत असेल, किंवा लिव्हर शेवटपर्यंत गेला तरी बोल्टचं नाक फटीत डोकावतच राहत असेल, तर दोष तिथेच आहे. मग नळ्या, पिन, काडतुसं कशाचाही दोष नाही.

यावर माझा पहिला उपाय फक्त धुणं हा असतो. जुन्या बंदुकांमध्ये कुणी ना कुणी कधी तरी जवसाचं किंवा दुसरं एखादं वनस्पती तेल सोडलेलं असतं. ते हवेशी संयोग होऊन व्हार्निशसारखं घट्ट होतं. त्यावर नवीन तेल ओतून काही होत नाही, ते वरच्या वर राहतं. नळ्या काढून ॲक्शन उलटी, म्हणजे पुढचं तोंड खाली आणि दस्ता वर, अशी धरायची आणि बोल्टच्या फटीत थोडं रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाईन सोडून लिव्हर वीस-पंचवीस वेळा चालवायचा. तपकिरी पाणी खाली टपकतं, ते टिपायचं आणि पुन्हा सोडायचं. जवळ आग, दिवा, सिगारेट काही नको. पुढचं तोंड खाली ठेवण्याला कारण आहे : उलट धरलंत तर ते सगळं दस्त्याच्या लाकडात मुरतं. तेल प्यालेलं लाकूड ॲक्शनला लागून असलेल्या भागात मऊ पडतं, आणि पुढे तिथेच तडकतं. अनेक जुन्या दस्त्यांची मुंडी काळी पडलेली दिसते ती पिढ्यान्‌पिढ्या ओतलेल्या तेलाने.

ज्या बंदुकांमध्ये नळ्यांच्या मधल्या पट्टीचं टोक मागे वाढवून ॲक्शनच्या माथ्यावरच्या खाचेत बसवलेलं असतं, किंवा त्या टोकातून ग्रीनर पद्धतीचा आडवा गोल बोल्ट जातो, तिथे ती खाच आणि ते भोकही साफ करा. काडीला चिंधी गुंडाळून फिरवली तरी काळा गाळ निघतो. हा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण तो वर असतो आणि बाहेरून चकचकीत दिसतो.

लिव्हर धुऊनही जड असेल तर थांबा. कंगोरा घासायला कानस घेऊ नका. बोल्ट आणि खाच यांचा मेळ केसाएवढ्या फटीवर जमवलेला असतो. तो एकदा घासला की बंदूक मिटलेली असतानाही सैल राहील, आणि सैल बंदूक हे जड बंदुकीपेक्षा मोठं संकट आहे.

नळ्या कुठल्या टप्प्यावर अडतात?

लिव्हर मोकळा, बोल्ट पूर्ण मागे, तरी नळ्या खाली येत नाहीत. आता हाताने जाणवेल त्यावर लक्ष द्या. अगदी सुरुवातीला, पहिल्या केसभर हालचालीलाच अडतं का? थोडं उघडल्यावर मध्ये जड होतं का? की शेवटच्या बोटभर अंतरात? आणि हे कधी होतं : रिकाम्या बंदुकीत, की झाडल्यावरच? एक नळी झाडल्यावर, की दोन्ही? हे प्रश्न मी कागदावर लिहून ठेवतो आणि बंदुकीला हत्यार लावण्याआधी त्यांची उत्तरं भरतो.

मध्ये जड होणं आणि तेही फक्त झाडल्यानंतर, हे बऱ्याचदा दुखणंच नसतं. आतले घोडे असलेल्या बंदुकीत, ॲन्सन आणि डीली यांच्या १८७५ च्या पेटंटनंतर ज्यांची चाल पडली त्या बॉक्सलॉकमध्ये, नळ्या खाली पाडण्याच्या जोरानेच घोडे पुन्हा चढतात. म्हणजे मोडताना तुम्ही दोन दणकट स्प्रिंगा दाबत असता. एक नळी झाडली असेल तर एक स्प्रिंग, दोन्ही झाडल्या तर दोन. त्यामुळे दोन्ही झाडल्यावर हात जास्त लागणं स्वाभाविक आहे. घोडे चढलेले असताना बंदूक सहज मोडते आणि झाडल्यावर मधल्या टप्प्यात सारख्या जोराने जड लागते, तर ती व्यवस्थित आहे. बाहेरच्या घोड्यांच्या बंदुकीची सवय असलेला माणूस पहिल्यांदा बॉक्सलॉक हातात घेतो तेव्हा हाच गोंधळ होतो.

याची खात्री करायला सोपी चाचणी आहे. घोडे चढलेले असताना, बंदूक मिटलेली ठेवून, पुढचा लाकडी फोरएंड काढा. मग नळ्यांना हाताचा आधार देऊन लिव्हर दाबा. बहुतेक बंदुकांमध्ये घोडे चढवणाऱ्या दांड्यांना ढकलण्याचं काम फोरएंडचं लोखंड करतं, त्यामुळे तो निघाला की नळ्या फक्त बिजागरीवर फिरतात. आता त्या सहज खाली आल्या तर बिजागरी निर्दोष, अडचण पुढच्या भागात. आताही जड असतील तर बिजागरीत किंवा भिंतीशी काहीतरी घासतंय. नळ्यांना आधार द्यायला विसरू नका, फोरएंड नसताना त्या खाली पडू शकतात. आणि ही चाचणी घोडे उतरलेले असताना करू नका; नाहीतर फोरएंड परत बसवताना नाकी नऊ येतात.

बिजागरीचं म्हणाल तर निम्म्या जुन्या बंदुका कोरड्या असतात. नळीच्या आत डोळ्यात तेल घालून सफाई करणारी माणसं बिजागरीच्या खिळीला वर्षानुवर्षं बोटही लावत नाहीत. लोखंडावर लोखंड कोरडं घासलं की पृष्ठभाग एकमेकांना फाडतात, आणि एकदा ओरखडे पडले की प्रत्येक वेळी ते वाढतात. खिळीवर, फोरएंडच्या लोखंडी वळणावर आणि लगच्या खाचांत ग्रीसचा पातळ लेप हवा. पातळ म्हणजे बोटाने लावून बोटानेच पुसून घेतलेला. जाड थर लावलात तर तो धूळ धरतो, आणि धूळ मिसळलेलं ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच.

कुठे घासतंय ते दिसत नसेल तर कारागिरांची जुनी युक्ती वापरा. तेलाच्या दिव्याची काजळी लगच्या बाजूंवर आणि नळ्यांच्या मागच्या तोंडावर पातळ धरायची, नळ्या बसवून एकदा मिटायच्या, उघडायच्या आणि काढून बघायच्या. जिथे काजळी पुसली जाऊन लोखंड चमकतं तिथे संपर्क आहे. काजळी फक्त बघण्यासाठी आहे. ती बघून जागा कळली की ती कारागिराला दाखवायची, स्वतः खरडायची नाही. एखाद्या सैल झालेल्या बंदुकीला कुणी पूर्वी जाड खीळ घालून किंवा लग ठोकून "घट्ट" केलेलं असेल, तर ते या चाचणीत लगेच उघडं पडतं. चमक एकाच बाजूला, एकाच ठिपक्यावर दिसते.

एक क्षुल्लक वाटणारं कारण मी तीनदा पाहिलं आहे. पुंगळ्या बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टर नळ्यांच्या तोंडात पूर्ण बसत नाही, कारण त्याच्या मागे न जळलेल्या बारुदाचा एखादा कण किंवा प्लॅस्टिकच्या वॅडचा (काडतुसात बारूद आणि छर्रे यांच्या मधल्या गट्टूचा) तुकडा अडकलेला असतो. मोहरीएवढाही नसतो. पण एक्स्ट्रॅक्टर तेवढा बाहेर राहिला की मिटताना तो भिंतीवर दाबला जातो, आणि मग मिटणं व मोडणं दोन्ही जड. एक्स्ट्रॅक्टर बाहेर ओढून त्याच्या मागची खोबण आणि दांड्याचं भोक काडीने साफ करा. दोन मिनिटांचं काम.

फक्त झाडल्यावर, अगदी सुरुवातीला

इथे मामांच्या बंदुकीकडे परत येऊ, कारण जुन्या दुनळ्यांचं खरं आणि धोक्याचं दुखणं हेच असतं.

बाहेरचे घोडे असलेल्या बंदुकीत आधी एक गोष्ट तपासा. रिकाम्या बंदुकीत घोडा अंगठ्याने हळू खाली सोडा. तो पिनवर टेकून राहतो, की किंचित मागे येऊन थांबतो? १८६७ च्या स्टँटनच्या पेटंटनंतर आलेल्या लॉकमध्ये (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेत) घोडा ठोका देऊन आपोआप जरासा मागे सरकतो. त्याआधीच्या पद्धतीच्या लॉकमध्ये तो पिनवर दाबूनच बसतो आणि पिन कॅपमध्ये. अशी बंदूक मोडण्याआधी दोन्ही घोडे अर्ध्यावर घ्यायचे असतात. तीच तिची रीत आहे. हे माहीत नसलेला नातू आजोबांची बंदूक जोराने मोडत राहतो आणि पिन वाकवून ठेवतो. मात्र तुमचा लॉक मागे सरकणारा असून एका बाजूचा घोडा सरकत नसेल, तर त्या लॉकची स्प्रिंग थकली आहे किंवा आत घाण आहे.

घोडा मागे येतो, तरी पिन येत नाही, असंही होतं. पिनची छोटी परतीची स्प्रिंग तुटलेली असते, वाळलेल्या तेलात पिन चिकटलेली असते, किंवा वर्षानुवर्षं ठोके खाऊन तिचं टोक एका बाजूला पसरलेलं असतं. रिकामी बंदूक, घोडे मागे, नळ्या उघड्या : भिंतीवरच्या भोकांवरून बोट फिरवा. काही टोचायला नको. झाडताना पिन भिंतीबाहेर येते ती जेमतेम एक-दीड मिलिमीटर, तेव्हा बोटाला नुसतं खरखरीत लागलं तरी ते पुरेसं लक्षण आहे.

बॉक्सलॉकमध्ये पिन बऱ्याचदा आतल्या घोड्याचाच भाग असते. घोडा मागे गेला तरच ती मागे जाते, आणि घोड्याला मागे नेतात त्या दांड्या. दांड्यांची टोकं झिजली की त्या घोड्याला उचलायला उशिरा सुरुवात करतात. तोवर नळ्या हलायला लागलेल्या असतात आणि पिन अजून कॅपमध्ये. लक्षण तेच : सुरुवातीलाच अडतं, कॅपवर शेपटीचा ओरखडा. हे घरी दुरुस्त होत नाही.

मग कॅपकडेच पुन्हा बघा, कारण ती आणखी दोन गोष्टी सांगते. खड्ड्याभोवती वर आलेली गोल कड दिसत असेल, म्हणजे कॅपचं पितळ पिनच्या भोकात शिरलेलं, तर ते भोक झिजून मोठं झालं आहे. कॅप पुंगळीच्या बुडातून बाहेर डोकावत असेल, तर नळ्या आणि भिंत यांच्यात फट पडली आहे आणि झाडल्यावर कॅप त्या फटीत मागे आली आहे. मोडताना ती भिंतीवर घासते. गंमत अशी वाटेल की बंदूक सैल आहे म्हणूनच मोडायला जड आहे, पण तसंच असतं.

काडतुसाची लांबी

हे वेगळं लिहितो, कारण यात बंदुकीचा दोष नसतो आणि नुकसान मात्र तिचं होतं. जुन्या १२ बोअरच्या बऱ्याच बंदुकांचे चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे आहेत. आजची सर्रास मिळणारी काडतुसं पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरची. फसवणारी गोष्ट ही की ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये काही न अडता बसतं. काडतुसावर लिहिलेली लांबी ही झाडल्यानंतर तोंड उलगडलेल्या पुंगळीची असते. भरलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्याने आखूडच असतं. झाडल्यावर मात्र ते उलगडतं, त्याचं तोंड चेंबरच्या पुढे जिथे नळी निमुळती होते तिथे घुसतं, आतला दाब वाढतो, कॅप चपटी होते आणि पुंगळी चेंबरमध्ये रुतून बसते.

नळ्या काढून त्यांच्या खालच्या सपाट भागावर बघा. तिथे नळ्या दाबाला टिकतात का याच्या चाचणीचे ठसे असतात आणि अनेकदा लांबी इंचांत किंवा मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ठसा नसेल किंवा पुसला असेल तर कारागिराकडून चेंबर मोजून घ्या. झाडलेल्या पुंगळीच्या तोंडाकडेही लक्ष द्या. कडा फाटलेल्या, ताणलेल्या, दोरे सुटल्यासारख्या असतील तर काडतूस लांब आहे. नळ्यांवर वेटोळ्यांची नक्षी दिसत असेल, म्हणजे त्या दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या) असतील, आणि त्यांना धूरविरहित बारुदासाठीची चाचणी झालेली नसेल, तर ती बंदूक आजच्या काडतुसांनी मुळीच झाडू नका.

लांबी बरोबर असूनही पुंगळी रुतत असेल तर चेंबरमध्ये गंजाचे खड्डे आहेत का ते उजेड धरून बघा. झाडताना पितळ फुगून त्या खड्ड्यांत दाबलं जातं आणि एक्स्ट्रॅक्टरला ते सोडवताना जोर लागतो.

कारागिराकडे जाताना

नुसतं "जड मोडते" एवढं सांगितलंत तर तो सगळी बंदूक खोलेल, आणि जुन्या बंदुकीचे स्क्रू जितके कमी फिरतील तितकं चांगलं. डाव्या आणि उजव्या नळीतल्या झाडलेल्या पुंगळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, वर "डावी" आणि "उजवी" लिहून सोबत न्या. कुठल्या टप्प्यावर अडते, लिव्हर मोकळा आहे का, फोरएंड काढल्यावर काय झालं, हे चार ओळींत लिहून द्या. आणि गुडघ्यावर हिसके दिले असतील तर तेही सांगा, लपवू नका. तशाने दस्ता मनगटाशी, म्हणजे जिथे तो सगळ्यात बारीक असतो तिथे, आतून तडकलेला असू शकतो, आणि ते त्याने पाहायला हवं.

मामांची बंदूक मी अशीच नेली. कारागिराने डाव्या बाजूची पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. काळ्या चिकट थराने माखलेली, टोक एका अंगाला ओठासारखं दुमडलेलं. परतीच्या स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते. त्याने नवीन पिन घडवली, स्प्रिंग बदलली, भोक धुतलं. पुढच्या खेपेला डावी नळी झाडून मी लिव्हर दाबला तर नळ्या स्वतःच्या वजनाने खाली आल्या. पुंगळी काढून मी मामांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला, बूड उजेडात धरलं आणि बराच वेळ कॅपवरच्या त्या गोल, स्वच्छ खड्ड्याकडे बघत राहिले.